गेट वाजतं, पण बघतं कोण?

दादरच्या जुन्या साडीच्या दुकानांत दाराशी चोरी रोखणारं गेट, म्हणजे टॅग न काढलेला माल बाहेर निघाला की वाजणारं, लावायची गरज पडत नाही. गादीवर बसलेला सेल्समन साडी उलगडतो, गिऱ्हाईक नाही म्हणालं की घडी घालून मागे ठेवतो, आणि समोर किती साड्या पडल्यात हे त्याच्या डोक्यात पक्कं असतं. टॅगची गरज लागते ती माल हँगरवर लावून गिऱ्हाइकाला मोकळं सोडल्यावर. सेल्समनची नजर काढून घेतली, तिच्या जागी काहीतरी हवं. पण गेट फक्त ओरडतं. दुकानदार हे विसरतो आणि पैसे वाया घालवतो.

बाजारात अशा टॅग-गेटच्या मुख्यतः दोन जाती मिळतात. 8.2 मेगाहर्ट्झच्या आरएफ (रेडिओ लहरींच्या) लेबलात अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची चौकोनी गुंडाळी आणि एक कपॅसिटर असतो. लेबल स्वस्त आणि चपटं, बारकोडखाली सहज लपतं. पण धातूवर चिकटवलं की मेलंच. डिओचा कॅन, पावडरचा डबा, फॉइलचं कॉफीचं पाकीट, सगळीकडे तीच गत. 58 किलोहर्ट्झच्या एएम (अकॉस्टो-मॅग्नेटिक) लेबलात धातूची बारीक पट्टी असते. गेट एक झटका देतं, गप्प बसतं आणि पट्टीची थरथर ऐकतं. लेबल जाडसर आणि महाग, पण गेटचे दोन खांब साधारण सहा फुटांवर ठेवता येतात. आरएफच्या छोट्या लेबलांना तीन-चार फुटांच्या पुढे भरवसा नाही.

आता मुंबईचा गाळा घ्या, 10 बाय 20 चा. टॅग लावलेला माल गेटपासून पाचेक फूट लांब ठेवायचा, नाहीतर गेट आपल्याच रॅकवर बोंबलत राहतं. म्हणजे 200 चौरस फुटांतले 50 गेले. ती जागा रिकामी सोडू नका: बिलिंग काउंटर तिथे आणा किंवा टॅग न लावण्याजोगा किरकोळ माल मांडा. लोखंडी शटर, एलईडीचे स्वस्त ड्रायव्हर, यूपीएस ही आरएफची नेहमीची दुखणी. गेटला वेगळी एमसीबी आणि नीट अर्थिंग द्या. एसीच्याच लाइनवर जोडू नका. एएम गेट विजेच्या 50 हर्ट्झशी ताल धरून चालतं. शेजारच्या दुकानाचं एएम गेट दुसऱ्या फेजवर असेल तर दोन्ही एकमेकांच्या बोलण्यात बोलतात आणि विनाकारण वाजतात. इंजिनिअरला बोलावून वेळ जुळवून घ्यावी लागते. नुसती संवेदनशीलता कमी करणं हा उपाय नव्हे, त्याने खरे टॅगही सुटतात.

टॅग गेटपासून लपवायला चोर वापरतात त्या फॉइलचं अस्तर लावलेल्या पिशव्यांसाठी गेटमध्ये मेटल डिटेक्शन मिळतं. घ्या, पण हलकं ठेवा. इथे निम्मं ऑफिस चंदेरी अस्तराच्या डब्याच्या पिशव्या घेऊन फिरतं. प्रत्येक डब्याला गेट वाजलं तर तिसऱ्या दिवशी वॉचमन मान वर करणार नाही. त्यापेक्षा दाराशी पिशवीला टोकन देण्याची जुनी पद्धत जास्त काम करते.

कपड्यांचा हार्ड टॅग जवळून पाहण्यासारखा असतो. पिन आत शिरते तिथे स्प्रिंगने दाबलेल्या तीन बारीक गोळ्या तिला पकडून बसतात. काउंटरवरचा चुंबक, म्हणजे डिटॅचर, ती पकड मागे ओढतो. त्यामुळे डिटॅचर काउंटरला स्क्रूने बसवलेला आणि कॅशिअरच्या बाजूलाच हवा, उघडा ठेवलात तर टॅगचा खर्च पाण्यात. पिन शिवणीतून घाला, विणीतून नको. कुर्त्याला बाजूची शिवण, जीन्सला कमरेचा पट्टा. जागा रोज तीच, म्हणजे कॅशिअरला शोधत बसावं लागत नाही. आणि पिना स्टेनलेसच्याच मागवा. साध्या पिनेला पावसाळ्याच्या दमट हवेत गंज चढतो आणि पांढऱ्या कॉटनवर तपकिरी ठिपका उमटतो. तो पीस मग चोरीला न जाताही गेला.

उगाच वाजण्याचं सगळ्यात मोठं कारण मात्र काउंटरवरच असतं. कॅशिअर दोन वस्तू एकावर एक ठेवून लेबल निकामी करणाऱ्या पॅडवरून फिरवतो. खालचं लेबल मरतं, वरचं जिवंत राहतं. एकेक वस्तू, लेबल पॅडकडे, आडवी, पॅडजवळून न्या. उभं धरलेलं लेबल बऱ्याचदा सुटतं. मेलेलं आरएफ लेबलही कधीकधी वापरात वाकून पुन्हा जिवंत होतं, म्हणून दुसरीकडून घेतलेले बूट घालून आलेला माणूस तुमच्या दारात वाजतो. तो चोर नाही.

सगळ्याला टॅग लावायचा हट्ट नको, हिशेब करा. 600 रुपयांच्या तुपाच्या बरणीवर 8 टक्के मार्जिन धरलं तर नफा 48. एक बरणी गेली की 552 रुपये भरून काढायला 12 बरण्या विकाव्या लागतात. 40 टक्के मार्जिनच्या 1000 रुपयांच्या कुर्त्याला दोन विकून भागतं. तूप, सुका मेवा, रेझरची पाती, बेबी फूड यांना आधी कुलूपबंद पारदर्शक डबे द्या. बिलात न चढवता ओळखीच्याला दिलेला माल आणि गोदामातून मागच्या दाराने गेलेला माल, यांना गेट कधीच वाजत नाही. तिथे स्टॉक मोजणी हाच उपाय, तीही महाग मालाची दर आठवड्याला.

सकाळी शटर उघडलं की एक जिवंत टॅग घेऊन गेटमधून चाला: घोट्याजवळ, कमरेला, डोक्याच्या उंचीवर, आणि दर वेळी टॅग आडवा-उभा फिरवून. दोन खांबांच्या मधोमध गेट सगळ्यात कच्चं असतं. वॉचमनला एकच वाक्य पाठ करायला द्या: "ताई, टॅग काढायचा राहिला असेल, काउंटरवर बघून देतो." हात लावायचा नाही, पिशवी ओढायची नाही. मग वहीत वेळ, वस्तू आणि काउंटर नंबर लिहायचा. आठवड्याभरात कुठला काउंटर लेबलं जिवंत सोडतोय ते वहीच दाखवते, आणि बहुतेक वेळा ते पॅड सैल वायरवर चालत असतं.