आपण आणि आम्ही

आज रात्री जहाजाच्या मेसमध्ये फिलिपिनो कुकने भाताचे ताट पुढे सरकवत ‘काइन तायो’ (चला, आपण जेवूया) म्हटले, आणि हा ‘तायो’ म्हणजे ऐकणाऱ्याला सामावून घेणारे आपले ‘आपण’च, हे कळल्यावर मला घरच्या पंगतीची आठवण झाली. ऐकणाऱ्याला वगळणाऱ्या ‘आम्ही’साठी त्याच्या तागालोग भाषेत ‘कामी’ आहे. शेजारच्या रशियन इंजिनिअरच्या भाषेत मात्र दोन्हींसाठी एकच सर्वनाम. तीन लिंगे आणि सहा विभक्ती सांभाळणारी रशियन ‘तो आला’, ‘ती आली’ हा फरक भूतकाळी क्रियापदात मराठीसारखाच दाखवते, तर तागालोगमध्ये ‘तो’ आणि ‘ती’ दोघांसाठी ‘सिया’ एवढेच. ‘काइन’ (खाणे) या शब्दाच्या पोटात ‘उम’ शिरून ‘कुमाइन’ हे क्रियापदाचे रूप कसे होते, हे कुकने कागदी रुमालावर लिहून दिले. तो रुमाल मी जपून ठेवला आहे.