काखेत की कानात?

मुलगा दीड वर्षाचा असताना एका संध्याकाळी मी डॉक्टरांना फोनवर सांगितलं, "ताप शंभर आहे." त्यांनी लगेच विचारलं, "काखेत की कानात?" तेव्हापासून ताप मोजणं हे काम मी नीट शिकून घेतलं.

काखेतला आकडा शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा साधारणपणे कमी येतो. पण हा फरक दर वेळी सारखा नसतो, म्हणून मनाने अंश मिळवून सांगायचं नाही. दिसला तो आकडा सांगायचा आणि कुठे मोजला ते सांगायचं. गुदद्वारातून घेतलेलं माप सगळ्यात अचूक धरतात, पण कुणी समोर बसून शिकवल्याशिवाय ते घरी करू नका, असं डॉक्टर म्हणाले. मला ते पटलं. तोंडात थर्मामीटर धरायला मूल साधारण चार वर्षांचं व्हावं लागतं. म्हणून आम्ही साधा डिजिटल थर्मामीटर आणि काख ठरवून टाकली.

खरी कसोटी काखेतच लागते. मूल नुकतंच पांघरुणातून उठलेलं असेल, अंघोळ झालेली असेल किंवा रडून लाल झालेलं असेल, तर मी थोडं थांबते. मग सदऱ्याची बाही पूर्ण काढते. नुसती वर सरकवली की कापडाची घडी मध्ये येते. काखेतला घाम मऊ कापडाने टिपून घेते, चोळत नाही. थर्मामीटरचं धातूचं टोक काखेच्या अगदी खोलात, दोन्ही बाजूंनी कातडीला टेकलेलं हवं. ते मागून बाहेर डोकावत असेल तर तो आकडा खोलीतल्या हवेचाही असतो. त्याला मांडीवर आडवं घेऊन त्याचा दंड छातीशी लावून धरते आणि कोपरावर माझा हात ठेवते. बीप वाजेपर्यंत हात सुटू द्यायचा नाही. मध्येच सुटला तर पुन्हा पहिल्यापासून. चित्रांचं पुस्तक समोर धरलं की तो बऱ्यापैकी शांत बसतो.

कपाळासमोर धरायचं यंत्र मूल झोपलेलं असताना फार सोयीचं. पण घाम, कपाळावरचे केस, पंख्याचा वारा, नुकतंच उन्हातून येणं, या सगळ्याने त्याचा आकडा हलतो. त्यात जास्त दिसलं की मी काखेत पडताळून बघते. कानातलं यंत्र सहा महिन्यांखालच्या बाळाला वापरू नये, कारण कानाची नळी फार अरुंद असते. नुसता हात लावून मात्र ताप ठरवू नये. आपला हात गार असला की निरोगी मूलही तापलेलं वाटतं.

मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे मूल बरं असताना घेतलेली मापं. सकाळी आणि संध्याकाळी, त्याच काखेत, त्याच थर्मामीटरने. शरीराचं तापमान पहाटे सर्वांत कमी आणि दुपारनंतर ते संध्याकाळपर्यंत जास्त असतं, हे वहीत स्पष्ट दिसलं. ९८.६ हा आकडा जर्मन डॉक्टर वुंडरलिख यांच्या १८६८ मधल्या पुस्तकामुळे रूढ झाला. तो सरासरीचा आकडा आहे, प्रत्येक मुलाने तो पाळावा असं नाही.

आजारपणात त्याच वहीत वेळ, आकडा, जागा, दिलेलं औषध आणि शेवटची शू कधी झाली तेही लिहिते. मूल मलूल पडलं असेल, पाणी घेत नसेल, श्वास जोरात चालला असेल किंवा उठवूनही नीट जागं होत नसेल, तर आकडा कमी असला तरी डॉक्टरांकडे जायला थांबू नका.

घरात तीन महिन्यांखालचं बाळ असेल तर हिशोब वेगळा आहे. १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, किंवा त्याहून जास्त दिसलं की रात्र असो वा दिवस, लगेच दवाखाना गाठायचा. इतक्या लहान बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय तापाचं औषध द्यायचं नाही.