जनरेटरच्या टाकीत बुरशी : माझा अनुभव

मानवतची आमची जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारी गिरणी, दिवाळीच्या आसपास सुरू होते आणि उन्हाळ्याच्या तोंडाला बंद पडते. मग जनरेटरची टाकी अर्धीमुर्धी तशीच उभी. यंदा हंगाम सुरू झाला आणि लोड टाकला की जनरेटर धापा टाकून बंद. नवा फिल्टर बसवला की थोडा वेळ चालायचा, पुन्हा तेच.

"साहेब, पंपवाल्यानं भेसळ केली बघा," मिस्त्रीचं ठाम मत. आपल्याकडे पहिला संशय भेसळीवरच जातो. पण काढलेल्या फिल्टरवर काळपट, बुळबुळीत थर होता, बोटाला तार धरणारा. टाकीच्या तळाचा नमुना काचेच्या बाटलीत काढून ठेवला. वर डिझेल, खाली पाणी आणि दोन्हींच्या मध्ये तपकिरी साय. बाटली हलवली की तिचे लोंबते तुकडे फिरायचे. वास कुजक्या अंड्याचा.

ही बुरशी आणि जिवाणू डिझेल खातात, पण राहतात पाण्यात. पाण्याचा पातळ थरही त्यांना पुरतो. पावसाळ्यातली दमट हवा रिकाम्या भागात शिरते, रात्री पत्रा निवला की आतून घाम धरतो. आमच्या झाकणाचं रबरही चिरलेलं निघालं.

बुरशीनाशक विकणारा म्हणाला, नुसतं औषध ओता, काम झालं. मला ते पटलं नाही. खाली पाणी तसंच ठेवलं तर ती पुन्हा धरणारच, आणि मेलेला गाळ फिल्टरमध्येच येतो. म्हणून आधी तळाच्या कॉकनं पाणी सोडलं, डिझेल गाळून बॅरलमध्ये काढलं, लांब दांड्याला सुती फडकं बांधून बाहेर उभं राहूनच टाकी आतून पुसली. आत कुणाला उतरू दिलं नाही, वाफेनं माणूस जातो. नळ्या आणि इंजिनाजवळची छोटी टाकीही साफ केली. मग हातमोजे घालून, डब्यावरच्या मापानं बुरशीनाशक टाकलं आणि रात्रभर मुरू दिलं. तरी पुढे काही दिवस फिल्टर तुंबत राहिले, जादाचे आणून ठेवले होते म्हणून निभावलं. काढलेला गाळ नाल्यात न ओतता ड्रममध्ये भरून परवानाधारक टाकाऊ तेलवाल्याला दिला.

आता गजाच्या टोकाला वॉटर पेस्ट लावून तळाला टेकवतो. पाणी असेल तर पेस्टचा रंग बदलतो, मग लगेच कॉक सोडतो. पावसाळ्याआधी टाकी भरून ठेवा म्हटलं, तर मालक म्हणतात पैसा अडकतो. तो वाद अजून चालू आहे.