दऱ्या की दर्या?

साताऱ्यातल्या एका छापखान्यात मी डीटीपीचं काम करतो. लग्नपत्रिका, बिलबुकं, यात्रेची हँडबिलं, शाळांच्या स्मरणिका. रात्री जेवणं झाली की मी माझ्या आवडीच्या कामाला बसतो. इंकस्केपमध्ये अक्षरं काढतो, फॉन्टफोर्जमध्ये एखादा फॉन्ट उघडून एकेका अक्षराचं वळण निरखतो, पायथनमध्ये छोटे छोटे प्रोग्रॅम लिहितो. हे सगळं गेल्या सहा-सात वर्षांत करून करून शिकलो. त्यासाठी दुकानात कधी कोणी विचारलं नव्हतं.

गेल्या माघात एक ताई सीडी घेऊन आल्या. त्यांच्या वडिलांनी उमेदीत पालथ्या घातलेल्या किल्ल्यांची रोजनिशी 2002 साली आमच्याच छापखान्यात टाइप करून घेतली होती. पुस्तक काही निघालं नाही. आता काचबिंदूने आबांची नजर गेली. ताई म्हणाल्या, “दादा, छापायचं नाही. आबांना त्यांचं लिहिलेलं फोनने वाचून दाखवावं, एवढंच पाहिजे. मी करून बघितलं, तर फोन इंग्रजी अक्षरं म्हणत बसतो.”

फोनची चूक नव्हती. तो जुना फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांना चढवलेला मराठी मुखवटा. टाइपरायटरवर बोटं बसलेल्या माणसांसाठी तो केलेला. पडद्यावर ‘किल्ला’ दिसायचं, पण फाइलीत होतं एफ, डी, मोठा वाय, छोटा वाय, के. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांना एकेक ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरीला स्वतःच्या 128 जागा 1991 सालापासून आहेत, पण पानं जुळवायच्या पेजमेकर या प्रोग्रॅमला त्या कधी वापरता आल्या नाहीत आणि आमच्यासारख्या छापखान्यांची सगळी मराठी पेजमेकरवरच चालली. महाराष्ट्रातल्या कपाटांत असा किती मजकूर पडून असेल, या विचाराने मला खरंच कसंतरी होतं.

मालकांना म्हटलं, आजचा दिवस मला द्या. ते म्हणाले, पत्रिकांचं मी बघतो.

माळ्यावरचं विंडोज 98 चं मशीन खाली काढलं. सुदैवाने चालू झालं. पेजमेकरमधून 214 पानांचा मजकूर साधा करून घेतला, तिथलाच फॉन्ट उचलून फॉन्टफोर्जमध्ये उघडला आणि कोणत्या घरात कोणती खूण आहे त्याचा तक्ता करायला बसलो. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे नेटवरचे तयार कन्व्हर्टर आधी लावून पाहिले होते. आमच्या फॉन्टची काही घरं वेगळी निघाली, त्यामुळे जोडाक्षरांची पार मोडतोड झाली.

ध, थ, भ, श, ण ही अक्षरं फॉन्टमध्ये अख्खी नव्हतीच. अर्धं अक्षर, आणि शेजारी उभा दंड. काना म्हणजेही तोच दंड. मग पायथनच्या प्रोग्रॅममध्ये नियम केला, की अशा अर्ध्या अक्षरामागून येणारा पहिला दंड अक्षराचा, त्यापुढचा काना. पहिली वेलांटी फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडला ती उच्चाराप्रमाणे नंतर लागते. ते सोपं.

वेळ खाल्ला रफाराने. टाइपरायटरवर रफार सगळ्यात शेवटी, अक्षर आणि काना-मात्रा झाल्यावर वरून मारायचा. युनिकोडमध्ये तो ‘र्’ होऊन आधी यायला हवा. मी तो एक अक्षर मागे सरकवला. ‘धर्म’ आला, ‘वर्षा’ आलं, आणि तिसऱ्या पानावर ‘सामथ्र्य’. हा शब्द असाच मोडलेला मी नेटवर कितीदा पाहिला होता! आता कारण समोर होतं. रफाराने फक्त ‘य’ ओलांडला होता, त्याला अख्खा ‘थ्य’ ओलांडायचा होता. मागे जाताना अर्धी अक्षरं लागली तर तीही ओलांडायची, अशी ओळ घातली. ‘सामर्थ्य’ नीट उमटलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच.

चार वाजता ताई आल्या. मी वासोट्याचं प्रकरण उघडून दिलं. त्या वाचता वाचता थांबल्या. “दादा, बाबूकड्यावरून खाली दर्या दिसतोय?”

खरंच, ‘खोल दर्या’ लिहिलं होतं. समुद्र! फॉन्टमध्ये ‘ऱ्य’मधल्या त्या आडव्या र साठी वेगळी खूण होती आणि मी तिला साधा ‘र्’ दिला होता. त्यामुळे पुस्तकभर दऱ्यांचा दर्या आणि वाऱ्याचा वार्या. त्या खुणेला नुक्त्याचा ‘ऱ’ द्यावा लागतो, युनिकोडने तो ठेवलेला आहे. हिंदीवाल्यांचं त्यावाचून अडत नाही, आपलं अडतं. तक्त्यात एक घर बदललं, पुन्हा चालवलं. सह्याद्रीतल्या दऱ्या परत आल्या.

सहाच्या सुमाराला ताई आबांना रिक्षाने घेऊन आल्या. काठी भिंतीला टेकवून ते बाकावर बसले. मी फाइल ताईंच्या फोनवर टाकली आणि वासोटाच लावला. फोनचा आवाज जरा सपाट, पण शब्द स्वच्छ. बामणोली, पलीकडचं रान, चढ. आबांचे ओठ आवाजाच्या जरा पुढे पुढे हलत होते. मालकांनी कटिंग मशीन बंद केलं.

मधेच आबांनी हात वर केला.

“थांबव गं. लाँच म्हणाला का तो? लाँच नव्हती तेव्हा. होडी होती, वल्ह्यांची. टाइप झाल्यावर मी तपासलंच नव्हतं.” मग माझ्या दिशेने मान वळवून म्हणाले, “बाळ, आता ते बदलता येतं का?”

येतं म्हटलं. ‘लाँच’ खोडून ‘होडी’ लिहिलं आणि तेवढं वाक्य परत लावलं. त्यांनी ऐकलं. मग काठी हातात घेतली, मांडीवर आडवी ठेवली.

“आता पहिल्या पानापासून लाव,” म्हणाले. “अजून बरंच निघेल.”