व्हिएन्ना: व्हिसाच्या अर्जापासून ट्रामच्या थांब्यापर्यंत

व्हिएन्नात पाऊल ठेवण्याआधी जितकी तपासणी होते, तितकी पाऊल ठेवल्यानंतर क्वचितच होते. मुंबईत अर्ज भरण्यापासून श्वेखाट विमानतळावरील पारपत्र-तपासणीच्या खिडकीपर्यंत मी प्रत्येक पायरीवर कागद दाखवत होतो आणि त्यानंतर शहरातील भुयारी रेल्वेच्या फलाटावर जाताना मात्र साधे फाटकही आडवे आले नाही. त्यामुळे या प्रवासाची खरी मेहनत घरी बसूनच करावी लागते, असे माझे मत झाले आहे.

ऑस्ट्रिया शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसांतील सीमांवर एरवी पारपत्र न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे आणि भारतीय पारपत्रावर तेथे जाण्यासाठी आधी व्हिसा काढावा लागतो. ज्या देशात मुक्काम सर्वाधिक, त्या देशाकडे अर्ज करायचा असा नियम असल्याने, प्राग आणि बुडापेस्ट जोडून घेणाऱ्यांनी प्रत्येक देशातील मुक्कामाच्या रात्री नीट मोजूनच कोणाचे दार ठोठावायचे ते ठरवावे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. पंधरा दिवस ही नियमातील शेवटची मर्यादा असली तरी तिच्यावर विसंबणे धाडसाचे आहे, कारण उन्हाळी सुटीच्या तोंडावर भेटीची वेळ मिळणेच कठीण होते. जून २०२४ पासून प्रौढांसाठी व्हिसाचे शुल्क ९० युरो आहे. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचा सेवाआकार त्याहून वेगळा. पारपत्र गेल्या दहा वर्षांत दिलेले, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेले हवे. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा आणि संपूर्ण शेंगेन क्षेत्रात चालणारा लागतो. बँकेचे खातेउतारे, आयकर विवरणपत्र, नोकरीच्या ठिकाणचे रजेचे पत्र, हॉटेल आणि विमानाचे आरक्षण ही सगळी चळत एकमेकांशी जुळली पाहिजे. रजेच्या पत्रातील तारखा आणि विमानाच्या तारखा यांत एका दिवसाचा फरक असला तरी प्रश्न उपस्थित होऊ शकतो.

हाती आलेल्या व्हिसावर किती वेळा प्रवेशाची मुभा आहे, हे मी सर्वांत आधी पाहिले. एकच प्रवेश असेल तरी ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट वा प्रागला जाऊन व्हिएन्नात परतता येते, कारण हे सारे शेंगेनच्या आत आहे. परंतु मध्येच बेलग्रेड किंवा लंडनला गेल्यास तो व्हिसा तिथेच संपतो.

मुंबईहून निघून आखातात विमान बदलून मी श्वेखाटला उतरलो. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाह्य सीमांवर प्रवेश-निर्गमनाची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली असून माझा प्रवास त्यानंतरच्या हिवाळ्यातला. व्हिसाधारकांचे बोटांचे ठसे अर्जाच्या वेळीच घेतलेले असल्याने खिडकीवर मुख्यतः चेहऱ्याचे छायाचित्र घेतले जाते. व्हिसा असणे म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे; अधिकारी मुक्कामाचा पत्ता, परतीचे तिकीट आणि खर्चाची तरतूद विचारू शकतो, म्हणून हे कागद सामानात न टाकता हातातील पिशवीत ठेवावेत. त्याच पिशवीत साजूक तुपाची बरणी किंवा पेढ्यांचा डबा मात्र नसावा, कारण युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. ताज्या कढीपत्त्यालाही प्रमाणपत्र लागते. चिवडा आणि मेतकूट माझ्यासोबत निर्धास्त गेले.

विमानतळावरून शहरात जाण्यासाठी आगगाडीचे तीन पर्याय आहेत. सर्वाधिक जाहिरात दिसते ती सोळा मिनिटांत वीन मिटे स्थानकात पोहोचवणाऱ्या हिरव्या गाडीची. पण त्याच स्थानकात एस७ ही उपनगरी गाडी सुमारे पंचवीस मिनिटांत आणि पुष्कळ कमी भाड्यात नेते. नऊ मिनिटांसाठी एवढे पैसे मोजणे मला पटले नाही. मुक्काम हाउप्टबानहोफ या मुख्य स्थानकाजवळ असेल, तर रेलजेट गाडी पाव तासात थेट तेथे सोडते. विमानतळ शहराच्या तिकीट-हद्दीबाहेर असल्याने केवळ शहराचा पास पुरत नाही; हद्दीबाहेरच्या टप्प्याचे तिकीट जोडावे लागते.

भुयारी रेल्वेच्या यू१, यू२, यू३, यू४ आणि यू६ अशा पाच मार्गिका आहेत. यू५ अजून बांधली जात आहे, त्यामुळे नकाशावर ती शोधत बसू नये. कागदी तिकीट निळ्या यंत्रात घालून छापून घेतल्याशिवाय वैध होत नाही आणि २४ तासांचा पास त्या छापापासून मोजला जातो, मध्यरात्रीपासून नव्हे. साध्या वेशातील तपासनीस कधीही येतात आणि दंड जबर असतो. २०१९ पासून या गाड्यांत खाण्यास बंदी असल्यामुळे डबा उघडायचा तो बाहेर पडूनच. शोनब्रुन राजवाड्याकडे जाणारी यू४ ही वास्तुकार ओटो वाग्नर यांच्या जुन्या श्टाटबान रेल्वेच्या वाटेवरून धावते; कार्ल्सप्लाट्झला त्यांनी उभारलेले हिरव्या-सोनेरी रंगसंगतीचे जुने स्थानक-मंडप गाडीची घाई बाजूला ठेवून पाहावेत असे आहेत.

माझे मन मात्र ट्राममध्येच रमले. सम्राट फ्रान्झ योझेफ यांनी १८५७ मध्ये जुनी तटबंदी पाडण्याचा आदेश दिला आणि त्या जागी रिंगश्ट्रासे हा रुंद रस्ता झाला. आज कोणतीही नियमित ट्राम पूर्ण फेरी मारत नाही. ऑपेरापासून क्रमांक १ ने संसद, नगरभवन, विद्यापीठ पाहत श्वेडनप्लाट्झला जावे आणि तेथून क्रमांक २ ने परत यावे, म्हणजे पर्यटकांच्या खास गाडीवर खर्च न करता तीच फेरी पूर्ण होते. क्रमांक ७१ मध्यवर्ती दफनभूमीकडे जाते, जेथे बेटहोफेन, शूबर्ट आणि ब्राम्स या संगीतकारांच्या समाध्या आहेत. कुणी वारले की ‘त्याने ७१ पकडली’ असे व्हिएन्नावासी म्हणतात, हे तिथे गेल्यावर कळले.

ब्रातिस्लाव्हा रेल्वेने तासाभरावर, तर बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत आहे. ‘शेंगेनमध्ये सीमाच नाहीत’ या समजुतीने पारपत्र हॉटेलात ठेवू नये. हंगेरीच्या सीमेवर ऑस्ट्रियाने २०१५ पासून तात्पुरती म्हणून आणलेली तपासणी वेळोवेळी वाढवली आहे आणि परतताना आमच्या डब्यातही पोलीस आले होते. नातेवाइकांकडे तीन दिवसांहून अधिक राहणाऱ्यांनी तेथील नोंदणी कार्यालयात पत्त्याची नोंद करून घ्यावी. हॉटेलात हे काम हॉटेलवाले करतात.

शेंगेन क्षेत्रात १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते आणि ही मर्यादा मोजताना येण्याचा आणि जाण्याचा दिवसही धरला जातो. अर्जाच्या वेळी दिलेले बोटांचे ठसे पुढच्या अर्जांसाठी साधारणपणे ५९ महिने पुन्हा वापरता येतात. युरोपीय संघाच्या एप्रिल २०२४ च्या नियमांनुसार, मागील तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून ते रीतसर वापरलेल्या भारतीय रहिवाशांना दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो. म्हणून जुने पारपत्र संपले तरी ते पुढच्या अर्जासाठी जपून ठेवावे.