खुबा मोडल्यावर: ऑपरेशन कोणाला, अंथरूण कोणाला

"आते वय व्हई गये." जळगाव, धुळे, नंदुरबारकडे म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडला की घरात हे वाक्य हमखास ऐकू येतं. पाठोपाठ ठरतं की ऑपरेशन नको, दोन-तीन महिने पडून राहू द्या, हाड जुळेल. हा हिशोब उलटा आहे. वय जितकं जास्त, तितकं अंथरूण कमी झेपतं.

या ऑपरेशनचा पहिला उद्देश दुखणं थांबवून माणसाला दुसऱ्या दिवशी उठवून बसवणं हा असतो. उताणं पडून राहिलं की छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पोटरीत रक्ताची गुठळी धरते, लघवीत जंतू वाढतात. माकडहाडावरची आणि टाचेची कातडी लाल पडून फाटते. मे महिन्यात, पारा 44-45 वर असताना घामाने भिजलेल्या गादीवर तर फारच लवकर. ऑपरेशन करूनही वर्षभरात साधारण चारातला एक रुग्ण दगावतो, इतकं हे दुखणं गंभीर आहे. न केल्यास धोका आणखी वाढतो.

"अमक्याचं तर बिनऑपरेशनचं जुळलं" हे खोटं नसतं, पण हाड कुठे मोडलं हे त्यात कुणी सांगत नाही. मांडीच्या हाडाच्या मानेत, म्हणजे सांध्यात बसणाऱ्या वरच्या गोळ्याखालच्या अरुंद भागात, मोडून तुकडे सरकले तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि ते बहुधा जुळतच नाही. तिथे गोळा बदलतात; माणूस आधी चांगला चालता-फिरता असेल तर पूर्ण सांधा. तुकडे सरकले नसतील तर दोन-तीन स्क्रू पुरतात. मानेच्या खाली मोडलं असेल तर रक्तपुरवठा चांगला असतो, हाड पायाला वजन लटकवून ठेवूनही जुळतं, पण आठवडेच्या आठवडे पडून राहावं लागतं आणि पाय आखूड, वाकडा होतो. म्हणून तिथे रॉड किंवा प्लेट टाकतात. एकमेकांत रुतलेल्या तुकड्यांवर काही जण लंगडत चालतातही, आणि घरचे मुका मार समजून तेल चोळत बसतात. जांघेत दुखतंय, पायावर भार देववत नाही आणि एक्स-रे स्वच्छ आहे, तर एमआरआय किंवा सीटी करून घ्या.

ऑपरेशन 36 ते 48 तासांत व्हावं. उशीर बहुतेक वेळा घरातूनच होतो: आधी हाडवैद्याची पट्टी, मग सुरतहून मुलगा येण्याची वाट. न्यायचं असेल तेव्हा पाय ओढून सरळ करू नका. दोन पायांमध्ये उशी ठेवून, दोन्ही पाय एकत्र बांधून, खाटेसकट गाडीत ठेवा. चालू गोळ्यांची पिशवी सोबत घ्या. रक्त पातळ करण्याची गोळी असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. प्रत्येक गोळीसाठी आठवडाभर थांबावं लागत नाही. पैशांचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले योजनेच्या खिडकीवर आधी विचारा. 70 वर्षांपुढच्यांना आयुष्मान कार्ड उत्पन्नाची अट न लावता मिळतं.

ऑपरेशन टाळणं योग्य ठरतं ते आधीपासूनच अंथरुणाला खिळलेल्या, शेवटच्या टप्प्यातल्या माणसासाठी. नेदरलँड्समध्ये अशा अतिशय थकलेल्या वृद्धांचा अभ्यास 2022 साली प्रसिद्ध झाला. ऑपरेशन न केलेल्यांचं उरलेलं आयुष्य त्रासाच्या मापाने ऑपरेशनवाल्यांपेक्षा वाईट नव्हतं, मात्र 30 दिवसांत त्यांतले 83 टक्के गेले. ऑपरेशनवाल्यांत 25 टक्के. म्हणजे असा निर्णय घेताना घरच्यांनी निरोपाची तयारी ठेवलेली असावी. मग आठवडेच्या आठवडे पायाला वजन लटकवू नका. जांघेत नस बधिर करण्याचं इंजेक्शन, गरज पडल्यास मॉर्फिन, हवेची गादी आणि दर दोन तासांनी कूस बदलणं, एवढं नीट करा.

ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून, पूर्ण भार देऊन उभं करावं. रात्री बडबड, भास झाले तर घाबरू नका. चष्मा, कानाचं यंत्र लावा, ओळखीचं माणूस जवळ बसवा. नुसत्या भाकरी-वरणावर भागत नाही. दूध, अंडी, दही रोज हवं. गुठळी न होण्याचं औषध साधारण महिनाभर चालतं, मध्येच सोडू नका.

दुसरा खुबाही तितकाच ठिसूळ असतो. ड जीवनसत्त्व भरून काढून, किडनी तपासून, वर्षातून एकदा शिरेतून देण्याचं झोलेड्रॉनिक अॅसिडचं इंजेक्शन मिळतं. डिस्चार्ज कार्डवर हाडं बळकट करण्याच्या औषधाचा उल्लेख नसेल, तर टाके काढायला जाल तेव्हा स्वतःहून विचारा.