उद्यानातलं तळं : ऑक्टोबरअखेर काठाची स्थिती

जूनच्या लागवडीतला उत्तर काठ तगला, दगडी भिंतीकडचा गेला. फरक उताराचा. भिंतीला लागून पाणी एकदम तीन फूट खोल आहे. जोराच्या पावसात लव्हाळा पूर्ण बुडाला. पात्यांची टोकं बरेच दिवस पाण्याखाली राहिली की तो कुजतो. उत्तरेला पाच फुटांना एक फूट असा उतार काढला होता. पाणी चढलं तसा लव्हाळाही वर सरकला. रोपं मोजण्याआधी उतार मोजायला हवा.

भिंत पाडायची गरज नाही. पायाशी मातीच्या गोण्या रचून टप्पा करायचा, पाणी त्यावर वीतभरच राहावं. वर 20 सेंमी काळी माती. ती नुसती पसरली तर उन्हाळ्यात भेगाळते आणि पाणी झिरपतं. इगतपुरीकडे भाताच्या खाचरात करतात तशी चिखलणी करून दाबली की बसते. मग लव्हाळा, फूटभर अंतराने.

पावसाळी गटाराच्या तोंडाशी गाळखड्डा, त्यापुढे 20 मिमी खडी आणि पाणकणीस (रामबाण, उंच पाणगवत). पाणकणीस फक्त इथेच. त्याचे कंद चिखलातून पसरतात आणि दोन-तीन वर्षांत मोकळं पाणी गिळतात. आवरायचं तर देठ पाण्याच्या पातळीखाली कापावेत. कंदाला हवा मिळत नाही.

पाणवेली (जलपर्णी) काढून काठावरच टाकण्याची चूक सर्रास होते. कुजताना नत्र आणि स्फुरद परत पाण्यात उतरतात. ढीग तळ्यापासून 10 मीटर दूर, तळ्याकडे उतार नसलेल्या जागी हवा. पाणवेलीच्या बिया गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतात आणि पाणी ओसरून गाळ उघडा पडला की उगवतात. त्यामुळे मार्च ते मे दर पंधरा दिवसांनी दाताळं फिरवलंच पाहिजे. फुलं येण्याआधी, मुळासकट.

रोपांसाठी नांदूरमध्यमेश्वरला हात लावू नका. ते अभयारण्य आहे, राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. शेताच्या पाटचाऱ्यांमध्ये लव्हाळा भरपूर मिळतो, मालकाला विचारून घ्यावा. आणलेल्या मातीत पाणवेलीचे तुकडे येतात, म्हणून मुळं बादलीत धुऊनच लावावीत.

डासांसाठी गप्पी-गंबुशिया मासे सोडू नयेत. गंबुशिया बेडकांची पिल्लं खातो, आणि डासांचा समाचार घ्यायला चतुरांच्या अळ्याही असतात. उत्तर काठावर त्या दिसू लागल्या आहेत.

भिंतीकडचा टप्पा फेब्रुवारीत, पाणी उतरल्यावर.